क्वांटम क्षेत्र सिद्धांतातून आकडा कसा काढायचा: पर्टर्बेटिव्ह आणि नॉन-पर्टर्बेटिव्ह पद्धती, पायरी पायरीने

इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय आघूर्णात एक छोटीशी जादा भर असते. श्विंगरने १९४८ साली तिचं पहिलं पद काढलं: सूक्ष्म-संरचना स्थिरांक (विद्युत्चुंबकीय आंतरक्रियेची ताकद, सुमारे १/१३७) भागिले २पाय, म्हणजे ०.००११६१४१. दुसरं पद घेतलं की उत्तर ०.००११५९६४ वर येतं, तिसरं घेतलं की ०.००११५९६५२२. प्रयोगातलं मोजमाप ०.००११५९६५२१८ आहे. तीन पदांत इतकी जवळीक.

आता प्रोटॉनचं वस्तुमान घ्या. ते ९३८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. आतल्या दोन अप आणि एका डाउन क्वार्कच्या वस्तुमानांची बेरीज मात्र ९-१० च्या आसपास, म्हणजे जेमतेम एक टक्का. उरलेलं सगळं प्रबळ आंतरक्रियेतून येतं, आणि कपलिंगच्या (आंतरक्रियेची ताकद सांगणाऱ्या आकड्याच्या) घातांची मालिका कितीही पुढे नेली तरी हा आकडा तिच्यातून निघत नाही. सिद्धांताचं लॅग्रांजियन, म्हणजे त्याचं मूळ सूत्र, आपल्याला दोन्हीकडे पक्कं माहीत आहे. फरक आहे तो उत्तर कपलिंगवर कसं अवलंबून आहे याचा. कपलिंगच्या घातांच्या मालिकेने उत्तर काढणं म्हणजे पर्टर्बेटिव्ह पद्धत, मालिकेशिवाय काढणं म्हणजे नॉन-पर्टर्बेटिव्ह.

हा फरक पुस्तकातल्या व्याख्या वाचून हाती लागत नाही, तो आकडे मांडूनच समजतो असं माझं ठाम मत आहे. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या अशा गणितांवर उभ्या आहेत ज्यांचं खरं उत्तर वेगळ्या वाटेने काढता येतं. साधं क्वांटम यांत्रिकी, गाउसियन इंटिग्रल आणि थोडं पायथॉन येत असेल तर तेवढं पुरे. पहिल्या चार पायऱ्यांना तर कॅल्क्युलेटरही चालेल.

पायरी १: क्षेत्राऐवजी एकच संख्या घ्या

क्षेत्र सिद्धांतात अवकाशाच्या प्रत्येक बिंदूवर एक चल असतं. आपण एकच बिंदू ठेवू. चल क्ष, कपलिंग ग. मग पाथ इंटिग्रल (चलांच्या सगळ्या शक्य किमतींवरची बेरीज) म्हणजे शाळेतलं साधं इंटिग्रल उरतं:

झेड(ग) = (१/√(२पाय)) × ∫ ई^(−क्ष^२/२ − ग·क्ष^४/२४) डीक्ष, वजा अनंत ते अधिक अनंत.

ग शून्य असेल तर उत्तर १. आता ग च्या पदाचा विस्तार करा आणि प्रत्येक पदाचं गाउसियन इंटिग्रल घ्या. क्ष^४ ची सरासरी ३, क्ष^८ ची १०५, क्ष^१२ ची १०३९५. त्यामुळे मालिका अशी येते:

झेड = १ − (१/८)ग + (३५/३८४)ग^२ − ०.१२५३ग^३ + ०.२५४६ग^४ − ०.६८५२ग^५ + …

इथे एक मिनिट थांबा, कारण फाइनमन आकृत्या नेमक्या याच अपूर्णांकांत बसलेल्या आहेत. १/८ हा आठच्या आकड्यासारख्या आकृतीचा सममिती गुणक आहे: एक शिरोबिंदू, दोन फास. दुसऱ्या पदात तीन आकृत्या येतात. दोन सुटे आठ, त्यांचा गुणक १/१२८. तीन फुग्यांची साखळी, १/१६. आणि दोन शिरोबिंदूंना चार रेषांनी जोडणारी आकृती, १/४८. बेरीज करा: ३/३८४ + २४/३८४ + ८/३८४ = ३५/३८४. ही बेरीज एकदा कागदावर स्वतः जुळवून पाहा. आकृत्या म्हणजे इंटिग्रलच्या विस्ताराचा हिशेब ठेवण्याची पद्धत, हे त्यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

खऱ्या सिद्धांतात प्रत्येक आकृतीला संवेगाचं इंटिग्रल जोडलेलं असतं, ते बऱ्याचदा अनंताकडे जातं आणि त्यासाठी रीनॉर्मलायझेशन (ते अनंत भाग मोजलेल्या राशींत सामावून घेणं) करावं लागतं. ती अडचण मोठी आहे, पण वेगळी आहे. आपल्या एका चलाच्या सिद्धांतात ती नाहीच. त्यामुळे पुढे मालिका बिघडताना दिसेल तेव्हा त्याचा दोष रीनॉर्मलायझेशनवर ढकलता येणार नाही.

पायरी २: खरं उत्तर आधी काढून ठेवा

ग = ०.२ घ्या. क्ष = ०, १, २, ३, ४ या बिंदूंवर इंटिग्रलमधल्या फलाच्या किमती काढा: १, ०.६०१४९७, ०.११८४४२, ०.००५६५६, ०.००००४०. पहिली एकदा आणि बाकीच्या दोनदा (ऋण बाजूसाठी) मिळवा. बेरीज २.४५१२७ येते. √(२पाय) म्हणजे २.५०६६३, त्याने भागा. झेड = ०.९७७९१५.

पाच बिंदूंत सहा दशांश बरोबर येतात हे पटायला जड जातं, पण दोन्ही टोकांना झपाट्याने विरणाऱ्या गुळगुळीत फलांसाठी ट्रॅपेझॉइड नियम (समान अंतरावरच्या किमतींची बेरीज गुणिले ते अंतर) असाच अफाट अचूक असतो. शंका असेल तर अंतर १ ऐवजी ०.५ घेऊन पाहा. लक्षात घ्या, या हिशेबात ग लहान असल्याचा आपण कुठेच वापर केला नाही. नॉन-पर्टर्बेटिव्ह गणिताचा हा सगळ्यात छोटा नमुना आहे.

पायरी ३: मालिका कुठे थांबवायची ते तिच्याकडूनच काढून घ्या

आता ग = ०.२ ला मालिकेची पदं, चिन्हं बाजूला ठेवून, मांडा. पहिलं ०.०२५, मग ०.००३६, ०.००१०, ०.०००४१, ०.०००२२, ०.०००१४७, ०.०००११८, आठवं ०.०००१११. नववं पुन्हा ०.०००११८, दहावं ०.०००१४२. आणि विसावं? ०.०८६. पहिल्या पदाच्या तिप्पटीहून मोठं.

आठव्या पदापर्यंतची बेरीज ०.९७७९७१ येते. खऱ्या उत्तरापासूनचं अंतर ०.००००५६, म्हणजे शेवटच्या पदाच्या निम्मं. त्यापुढे जितकी जास्त मेहनत कराल तितकं उत्तर वाईट होत जाईल.

अशा मालिकेला असिम्प्टोटिक मालिका म्हणतात. ती अपसारी असते, पण सुरुवातीची काही पदं खऱ्या उत्तराकडे झुकतात. वापरण्याचा नियम सरळ आहे: लागोपाठच्या पदांचं गुणोत्तर काढा, ते १ च्या जवळ आलं की थांबा, आणि शेवटच्या पदाएवढी त्रुटी धरा. आपल्या मालिकेत हे गुणोत्तर मोठ्या क्रमांकाला साधारण (२/३) × क्रमांक × ग असं वाढतं. म्हणून थांबण्याची जागा १.५/ग च्या आसपास येते. ग = ०.२ साठी ७.५. आकड्यांत दिसलं ते हेच.

यातून आणखी एक मोलाची गोष्ट निघते. सगळ्यात चांगल्या ठिकाणी थांबलात तरी उरणारी त्रुटी ई^(−१.५/ग) या गुणकाने ठरते. हे १.५/ग कुठून आलं? घातांकातल्या क्ष^२/२ + ग·क्ष^४/२४ याचा अवकलज शून्य करा. क्ष = ० सोडून दुसरी उकल मिळते ती काल्पनिक: क्ष^२ = −६/ग. तिथे त्या राशीची किंमत −१.५/ग. म्हणजे मालिकेच्या विसाव्या-तिसाव्या पदाला त्या दूरच्या, काल्पनिक सॅडल बिंदूची (अवकलज शून्य होतो त्या जागेची) खबर असते. पर्टर्बेशनची मालिका स्वतःच्या मर्यादेचा पत्ता स्वतःच सांगते. या विषयातली मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

मुळात मालिका अपसारी का? ग ऋण करून पाहा. इंटिग्रल लगेच अनंताला जातं. मालिका शून्याभोवती कितीही छोट्या वर्तुळात अभिसारी असती, तर त्या वर्तुळातल्या ऋण ग लाही उत्तर मिळायला हवं होतं. ते मिळत नाही, तेव्हा वर्तुळाची त्रिज्या शून्य. डायसनने १९५२ साली क्वांटम विद्युत्गतिकीबद्दल हाच युक्तिवाद मांडला: प्रभाराचा वर्ग ऋण असता तर सजातीय प्रभार एकमेकांना ओढू लागले असते आणि निर्वातच टिकलं नसतं. तिथे कपलिंग १/१३७ असल्यामुळे मालिका बिघडायची वेळ फार उशिरा येते. पाचव्या क्रमाच्या १२,६७२ आकृत्यांचा हिशेब २०१२ साली प्रसिद्ध झाला आणि अजून तिथे बिघाडाची चाहूल नाही. म्हणून इलेक्ट्रॉनच्या बाबतीत आपण निर्धास्त असतो. ती निर्धास्ती कपलिंग लहान असल्याची आहे, मालिका अभिसारी असल्याची नाही.

पायरी ४: बिघडलेल्या मालिकेतून माहिती काढा

आता ग = २. ट्रॅपेझॉइडने, अंतर ०.५ ठेवून, खरं उत्तर ०.८७२२. मालिकेच्या बेरजा: १, ०.७५, १.११, ०.११, ४.१९. पाचही आकडे फेकून द्यावेसे वाटतात. पण दोष गुणांकांचा नाही, त्यांची बहुपदी करून बेरीज घेण्याचा आहे.

त्याच गुणांकांतून बहुपदी भागिले बहुपदी असं फल बनवा, ज्याचा विस्तार केला की तेच गुणांक परत मिळतील. याला पाडे अंदाज म्हणतात. पहिले तीन गुणांक वापरून अंश आणि छेद दोन्ही पहिल्या घाताचे घ्या:

(१ + ०.६०४२ग) / (१ + ०.७२९२ग)

ग = २ ला उत्तर ०.८९८. पाच गुणांक वापरून दोन्ही दुसऱ्या घाताचे घ्या:

(१ + २.६४७ग + ०.७६३ग^२) / (१ + २.७७२ग + १.०१९ग^२)

ग = २ ला ०.८८०. खऱ्या उत्तरापासून एक टक्का. ज्या पाच संख्यांची सरळ बेरीज ४.१९ येत होती, त्याच या संख्या.

याहून चांगलं म्हणजे दोन बाजूंनी बांध घालता येतो. अंश पहिल्या घाताचा आणि छेद दुसऱ्या घाताचा घेतला तर ०.८५५ मिळतं. आपल्या मालिकेचे गुणांक एका धन वजनाचे मोमेंट (घातांच्या सरासऱ्या) आहेत, आणि अशा मालिकांसाठी हे दोन प्रकारचे पाडे खऱ्या उत्तराला खालून आणि वरून धरतात. ०.८५५ आणि ०.८८० यांच्या मध्ये ०.८७२ बसलंय. प्रत्यक्ष संशोधनात ही हमी क्वचित मिळते, पण दोन-तीन वेगवेगळे पाडे काढून त्यांच्यातला फरक पाहण्याची सवय लावून घ्या. एकच पाडे काढून त्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं: छेद मधेच शून्य झाला तर उत्तर भलतीकडे जातं आणि एकटा आकडा ते सांगत नाही.

दुसरी वाट बोरेलची. प्रत्येक गुणांकाला त्याच्या क्रमांकाच्या फॅक्टोरियलने भागा. फॅक्टोरियलने फुगणारी मालिका निवते आणि नवीन मालिकेला खरोखरची अभिसरण त्रिज्या मिळते. तिचं फल ओळखा, पुढे वाढवा, आणि ई^(−ट) ने गुणून ट वर शून्यापासून अनंतापर्यंत इंटिग्रल घ्या. फॅक्टोरियल परत आत येतो, पण आता नीट अर्थ असलेल्या इंटिग्रलच्या रूपात. आपल्या उदाहरणात बोरेल फल जिथे फुटतं ती जागा ऋण अक्षावर, १.५/ग अंतरावर आहे. इंटिग्रलची वाट धन अक्षावरून जाते, त्यामुळे अडथळा नाही.

हा अडथळा धन अक्षावर आला की खरी गंमत सुरू होते.

पायरी ५: मालिकेला मुळीच न दिसणारी पदं ओळखा

ई^(−१/ग) हे फल घ्या आणि ग = ० पाशी त्याचा टेलर विस्तार करा. धन बाजूने येताना पहिला अवकलज शून्य, दुसरा शून्य, सगळेच शून्य. फल शून्य नाही, पण त्याची मालिका शून्य आहे. असं पद उत्तरात असेल तर फाइनमन आकृत्या कितीही काढल्या तरी ते सापडणार नाही.

दोन खड्ड्यांचं पोटेन्शियल हा याचा नमुना. एका खड्ड्याभोवती विस्तार करा, दुसऱ्याभोवती करा, दोन्हीकडे ऊर्जेची मालिका हुबेहूब एकच. मालिकेच्या मते खालच्या दोन पातळ्या एकाच उंचीवर आहेत. प्रत्यक्षात कण बोगद्यातून पलीकडे जातो आणि पातळ्यांत फट पडते. ती फट ई^(−क्रिया) या गुणकाने ठरते, आणि ती क्रिया म्हणजे काल्पनिक काळात एका खड्ड्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या उकलीची, इन्स्टँटॉनची. इथे बोरेल फल धन अक्षावर फुटतं, इंटिग्रल वरून वळवायचं की खालून यावर उत्तर बदलतं, आणि ती संदिग्धता इन्स्टँटॉनच्या योगदानाने नेमकी रद्द होते. दोन्ही मिळूनच उत्तर पूर्ण होतं.

प्रबळ आंतरक्रियेत असे इन्स्टँटॉन १९७५ साली सापडले. तिथली क्रिया ८ पाय^२ भागिले कपलिंगचा वर्ग. पण क्यूसीडीत (प्रबळ आंतरक्रियेच्या क्षेत्र सिद्धांतात) याच घराण्यातली एक अधिक रोजची राशी आहे: लॅम्डा, म्हणजे ज्या ऊर्जेच्या आसपास कपलिंग हाताबाहेर जातं ती. एका लूपच्या (म्हणजे मालिकेतल्या पहिल्या दुरुस्तीच्या) सूत्राने ती स्वतः काढा. ९१.२ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टला प्रबळ कपलिंग ०.११८. पाच प्रकारचे क्वार्क धरले तर बीटा गुणांक (कपलिंग ऊर्जेबरोबर किती वेगाने बदलतं ते सांगणारा) ११ − १०/३ = ७.६७. लॅम्डा = ९१.२ × ई^(−२पाय/(७.६७ × ०.११८)). घातांक −६.९४ येतो आणि लॅम्डा सुमारे ०.०८८ गिगा, म्हणजे ८८ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट. जास्त लूप घेतले की प्रचलित पद्धतीत हा आकडा २१० च्या आसपास जातो. तपशील बदलतो, रूप तेच राहतं: ई^(−स्थिरांक/कपलिंग). क्वार्कची वस्तुमानं शून्य धरली तर प्रोटॉनचं वस्तुमान या लॅम्डाच्या काही पटीत असणार, कारण दुसरी मोजपट्टीच सिद्धांतात नाही. सुरुवातीला म्हटलं की प्रोटॉनचं वस्तुमान मालिकेतून निघत नाही, त्याचं कारण हे. मालिका लांब केल्याने ते मिळणार नाही, कारण त्याचा टेलर विस्तारच शून्य आहे.

पायरी ६: मालिका सोडून उत्तराचा आकार धरा

अ‍ॅनहार्मोनिक ऑसिलेटर घ्या: ऊर्जा = संवेग^२/२ + क्ष^२/२ + ग·क्ष^४, ग = १. सर्वांत खालच्या पातळीची मालिका १/२ + (३/४)ग − (२१/८)ग^२ + (३३३/१६)ग^३ अशी आहे. बेरजा: ०.५, १.२५, −१.३७५, १९.४. बेंडर आणि वू यांनी १९६९ साली या मालिकेचे गुणांक फॅक्टोरियलच्या वेगाने वाढतात हे सविस्तर दाखवलं.

आता गाउसियन तरंगफल गृहीत धरा, रुंदी ठरवणारा अंक व. सरासरी ऊर्जा येते व/४ + १/(४व) + ३ग/(४व^२). ती कमीत कमी करायची अट ग = १ ला व^३ − व − ६ = ० होते आणि तिचं उत्तर नेमकं व = २. ऊर्जा ०.५ + ०.१२५ + ०.१८७५ = ०.८१२५. खरी किंमत ०.८०३७७. तीन ओळींच्या गणितात १.१ टक्के त्रुटी, तीही कोणत्या बाजूची ते आधीच माहीत: व्हेरिएशनल उत्तर खऱ्याच्या खाली कधीच जात नाही.

क्षेत्र सिद्धांतात ही पद्धत जड जाते, कारण चांगलं तरंगफल सुचणं अवघड. पण हीच वृत्ती श्विंगर-डायसन समीकरणांत आणि फंक्शनल रीनॉर्मलायझेशन ग्रुपमध्ये आहे: अनंत समीकरणांची माळ कुठेतरी कापायची आणि कापल्याचा परिणाम तपासायचा. तो तपास नीट केलेला नसेल तर अशा पद्धतींच्या उत्तरावर मी भरवसा ठेवणार नाही. कापण्याची जागा एक पायरी पुढे नेली तर आकडा किती हलतो, हे लेखात आधी शोधा.

पायरी ७: लॅटिस स्वतः चालवून पाहा

विल्सनने १९७४ साली अवकाश-काळाची जाळी (लॅटिस) करून क्यूसीडी तिच्यावर मांडली. १९८० च्या सुमारास क्रॉइट्झने संगणकावर मॉन्टे कार्लो चालवून ती पद्धत काम करते हे दाखवलं. तुम्ही त्याच ऑसिलेटरवर, ग = १ ठेवून, एका संध्याकाळी ती करू शकता.

काळाची जाळी घ्या: २०० बिंदू, दोन बिंदूंतलं अंतर अ = ०.१, शेवटचा बिंदू पहिल्याला जोडलेला. काल्पनिक काळातली क्रिया म्हणजे प्रत्येक बिंदूसाठी (पुढचा क्ष − हा क्ष)^२/(२अ) + अ·(क्ष^२/२ + क्ष^४), सगळ्यांची बेरीज. मेट्रोपोलिस अल्गोरिदम असा: एक बिंदू घ्या, क्ष थोडा हलवून पाहा, क्रियेतला बदल काढा. क्रिया कमी झाली तर बदल ठेवा. वाढली तर ई^(−वाढ) इतक्या संभाव्यतेने ठेवा, नाहीतर जुनी किंमत तशीच. सगळ्या बिंदूंवरून एक फेरी म्हणजे एक स्वीप. हलवण्याचं अंतर असं ठेवा की साधारण निम्मे बदल स्वीकारले जातील.

सुरुवातीचे स्वीप टाकून द्या, जाळी स्थिरावायला वेळ लागतो. त्यानंतरही प्रत्येक स्वीप मोजू नका, शेजारचे नमुने एकमेकांसारखेच असतात. अ जितका लहान तितकं हे साम्य लांबवर टिकतं आणि साध्या मेट्रोपोलिसला त्याची किंमत जवळपास १/अ^२ या दराने मोजावी लागते. त्रुटी काढताना नमुन्यांचे मोठे गट करून जॅकनाइफ (एकेक गट वगळून सरासरी पुन्हा काढण्याची पद्धत) वापरा. नवशिक्यांच्या निकालातली त्रुटी संशयास्पद लहान असते ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर घाई केल्यामुळे.

मोजायचं काय? क्ष(०) आणि क्ष(ट) यांच्या गुणाकाराची सरासरी. ती ट बरोबर ई^(−फरक × ट) अशी उतरते आणि तो फरक म्हणजे पहिल्या दोन पातळ्यांमधलं अंतर. लागोपाठच्या दोन किमतींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम घ्या, अ ने भागा, आणि ट समोर मांडा. सपाट पट्टा दिसला पाहिजे. खरं उत्तर २.७३७८९ − ०.८०३७७ = १.९३४. ट = २ च्या पुढे सिग्नल दोन टक्क्यांवर येतो आणि गोंगाट तसाच राहतो, म्हणून पट्ट्याची योग्य जागा त्याच्या अलीकडे शोधा. शेवटी अ = ०.२, ०.१, ०.०५ अशी तीन उत्तरं काढून अ^२ समोर रेषा ओढा आणि अ = ० ला वाचा. बिंदूंची संख्या त्या प्रमाणात बदला, एकूण काळ २० च राहू द्या.

क्यूसीडीत क्ष च्या जागी जाळीच्या दुव्यांवर बसलेली मॅट्रिसेस येतात, काळाच्या एका मितीऐवजी चार मिती, आणि क्वार्कमुळे अवाढव्य डिटरमिनंट. बाकी रचना हीच. प्रोटॉनचं वस्तुमानही अशाच सपाट पट्ट्यातून वाचतात. २००८ साली बीएमडब्ल्यू (बुडापेस्ट-मार्से-वुप्पर्टाल) गटाने हलक्या हॅड्रॉनची (क्वार्कपासून बनलेल्या कणांची) वस्तुमानं अशी काढली आणि ती प्रयोगाशी काही टक्क्यांच्या आत जुळली.

लॅटिसची मर्यादाही याच अल्गोरिदममध्ये आहे. ई^(−क्रिया) ही संभाव्यता म्हणून वापरता येते, कारण ती धन आहे. बॅरिऑनची (प्रोटॉन-न्यूट्रॉनसारख्या कणांची) घनता जास्त असेल, जसं न्यूट्रॉन ताऱ्याच्या आत, तर ती संमिश्र होते आणि नमुने घेण्याचा पायाच जातो. याला साइन प्रॉब्लेम म्हणतात. खऱ्या काळात घडणाऱ्या प्रक्रियांनाही तोच अडथळा.

पायरी ८: समोरच्या प्रश्नाला पद्धत लावा

पहिला प्रश्न ऊर्जेचा. प्रबळ कपलिंग ९१ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्टला ०.११८ आहे, टाऊ कणाच्या वस्तुमानाला, म्हणजे १.८ गिगाला, ०.३ च्या वर. अ‍ॅसिम्प्टोटिक स्वातंत्र्याचा (ऊर्जा वाढली की कपलिंग घटण्याचा) हा परिणाम १९७३ साली ग्रॉस, विल्चेक आणि पॉलिट्झर यांनी काढला. उच्च ऊर्जेच्या टकरीत मालिका चालते. बंधित अवस्था, क्वार्कचं कैद राहणं, निर्वाताची रचना: तिथे ती चालत नाही.

बहुतेक खरे प्रश्न मात्र मधे पडतात. प्रोटॉनच्या टकरीत क्वार्क-ग्लुऑनची जोराची धडक मालिकेने काढतात आणि प्रोटॉनच्या आत कोणता घटक किती संवेग घेऊन फिरतोय ते वाटप प्रयोगातून घेतात. हे वाटप ऊर्जेबरोबर कसं बदलतं ते पुन्हा मालिकेचं काम. गणिताचे असे दोन भाग करता येतात का, आणि शिवणीवर किती त्रुटी राहते, हे पाहणं हाच कामाचा मोठा हिस्सा असतो.

म्युऑनच्या (इलेक्ट्रॉनच्या जड भावाच्या) चुंबकीय आघूर्णात तर एकाच आकड्यात दोन्ही पद्धती शेजारी बसतात. विद्युत्चुंबकीय भाग पाच लूपपर्यंत मालिकेने काढलेला. फोटॉनच्या वाटेत क्षणभर क्वार्क उमटतात त्याचं योगदान मालिकेच्या आवाक्याबाहेरचं, आणि एकूण अनिश्चिततेत मोठा वाटा त्याचाच. ते वर्षानुवर्षं इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या मोजमापांतून घेतलं जायचं. २०२१ साली बीएमडब्ल्यू गटाचं लॅटिसवरचं उत्तर प्रसिद्ध झालं आणि ते मोजमापांवर आधारलेल्या उत्तरापेक्षा वर, प्रयोगाच्या जवळ आलं. सिद्धांत आणि प्रयोग यांच्यातली फट नव्या कणांची आहे की आपल्या हिशेबाची, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला.

पुढचं गणित म्हणून सातव्या पायरीच्या प्रोग्रॅममध्ये पोटेन्शियलची एकच ओळ बदला: (क्ष^२ − न^२)^२. न = १ पासून सुरू करा. इन्स्टँटॉनची क्रिया (४√२/३)·न^३ येते, म्हणजे १.८९. जाळीवरचा क्ष काळासमोर काढून पाहिलात की रेषा +१ आणि −१ यांच्यामध्ये उड्या मारताना दिसेल. प्रत्येक उडी म्हणजे एक इन्स्टँटॉन किंवा अँटी-इन्स्टँटॉन. मग न = १.४ करा. क्रिया ५.१७ वर जाते, उड्या विरळ होतात, आणि साधं मेट्रोपोलिस एकाच खड्ड्यात लांबलचक अडकून राहू लागतं. तिथे एकूण काळ वाढवा, स्वीप वाढवा, आणि पातळ्यांमधली फट न^३ बरोबर ई^(−क्रिया) च्या चालीने उतरते का ते लॉग आलेखावर तपासा. रेषेचा उतार क्रियेच्या सूत्राशी पूर्ण जुळणार नाही, कारण पुढचा गुणकही न बरोबर बदलतो. तो गुणक इन्स्टँटॉनभोवतीच्या लहान हालचालींच्या गाउसियन इंटिग्रलमधून काढता येतो, म्हणजे पुन्हा पर्टर्बेशनच, फक्त वेगळ्या सॅडलभोवती.